नावापुढचं ‘दादा’

दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम वाचणं हा माझा धंदा आहे. लिहिणारा नोकरी सोडून कधी हैदराबादला जातो, कधी कॅनडाला, आणि त्याचा प्रोग्राम चाकणच्या एखाद्या शेडमध्ये धूळ खात चालत राहतो. चालतो तोवर कुणाला त्याची आठवण नसते. बंद पडला की चिंचवडला आमच्या छोट्याशा ऑफिसात फोन येतो आणि मी पिंपळे सौदागरहून गाडी काढते. या कामात मी चांगली आहे. हे मी लाजत सांगत नाही, कारण बाईने लाजून सांगितलं की समोरचा लगेच तिला शिकवायला लागतो.

परका प्रोग्राम हातात आला की मी दारापासून सुरुवात करते. जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम कितीही अवाढव्य असो, आत क्लासांची, म्हणजे कामं वाटून दिलेल्या भागांची, केवढीही गर्दी असो, बाहेरून आत शिरायचं दार म्हणजे ‘मेन’ नावाची मेथड. तिथून सुरुवात होते. माझे काही सहकारी थेट आत उड्या मारतात, जिथे बिघाड दिसतो तिथे. मग दिवसभर कुठे कुठे भटकतात आणि संध्याकाळी मलाच विचारायला येतात.

या मेनशी माझी ओळख भांडणातून झाली. ताथवड्याच्या कॉलेजात पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ अशी लांबलचक ओळ लिहिली आणि सांगितलं, ही पाठ करा, अर्थ पुढे कळेल. मी उभी राहून म्हटलं, अर्थ आत्ताच सांगा ना. सर म्हणाले, खाली बसा. मी बसले, पण माझं डोकं फिरलं होतं. त्या दिवशी प्रयोगशाळेत मी त्या ओळीतला एकेक शब्द काढून प्रोग्राम चालवून बघितला. ‘पब्लिक’ काढला, प्रोग्राम सुरूच होईना. ‘स्टॅटिक’ काढला, तेच. बाकीची मुलं प्रोग्राम चालवण्याच्या खटपटीत होती आणि मी एकटी तो बंद पाडत बसले होते.

पण त्यातून मला कळलं ते आजवर कामाला येतं. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा आत एकही ऑब्जेक्ट जन्मलेला नसतो. घर बांधलेलं आहे, माणसं अजून यायची आहेत. मग हाक मारायची कुणाला? म्हणून मेनला स्टॅटिक करून ठेवतात, म्हणजे आत कुणी नसतानाही नुसत्या क्लासच्या नावावर तिला हाक मारता येते. आणि ही हाक मारताना सोबत चार शब्द देता येतात. पडद्यावर नुसत्या टाइप करून आज्ञा द्यायची एक काळी खिडकी असते, तिच्यात प्रोग्रामचं नाव लिहायचं, पुढे हवे ते शब्द लिहायचे आणि एंटर मारायचं. मध्ये मोकळी जागा आली की नवा शब्द सुरू झाला असं संगणक धरून चालतो. हे शब्द एका रांगेत मेनपुढे उभे राहतात. त्या रांगेला ‘आर्ग्ज’ म्हणायची रीत आहे. तिथे सगळे अक्षरांच्याच रूपात येतात. चाळीस लिहिलं तरी ते दारात नुसतं चार आणि शून्य असतं, त्याचा आकडा करायचा तो आत घेतल्यावर.

इतकं माहीत असलं की पुढचं सगळं समजतं.

चाकणपासून थोडं आत, म्हाळुंग्याकडे, मोटारींना लागणारे ब्रॅकेट बनवणारी एक कंपनी आहे. छोटीच. ब्रॅकेट बिनमध्ये, म्हणजे मोठ्या खोक्यांत, भरायचे, बिनवर लेबल चिकटवायचं आणि मोठ्या कारखान्याकडे रवाना करायचे. लेबल नसलेला बिन तो कारखाना गेटमधून आत घेत नाही. लेबलं छापणारा प्रोग्राम कुणीतरी फार पूर्वी जावामध्ये लिहून दिला होता. त्याला बटणं नव्हती, चित्रं नव्हती. काळ्या खिडकीत ‘लेबल’ लिहायचं, पुढे लाइन लीडरचं, म्हणजे त्या पाळीच्या मुकादमाचं, नाव, मग पार्टचा नंबर, मग नग. लिहिलं की प्रिंटरमधून लेबलांची पट्टी सरसर बाहेर यायची आणि खिडकी आपोआप मिटायची.

एके दिवशी सकाळी तिथल्या डिस्पॅचच्या मॅनेजरांचा फोन आला. लेबलचा प्रोग्राम मध्येच बंद पडतो, म्हणाले. एंटर दाबलं की खिडकी मिटते आणि प्रिंटर गप्प. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, महिना होत आला. महिनाभर काय करत होतात असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण ते मी गिळलं आणि निघाले. मोशीच्या पुढे रस्त्याला गाड्यांची नेहमीची रांग होती. स्टिअरिंगवर बोटं वाजवत मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या प्रोग्रामची शक्य ती दुखणी मोजत होते. त्यातलं एकही नंतर खरं निघालं नाही.

मॅनेजर पुण्याहून यायचे. इस्त्रीचा शर्ट, बोलणं नीटनेटकं, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला आधी केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले की खरं सांगायचं तर प्रोग्राम ठीक आहे. त्यांनी स्वतः चालवून बघितला, चालला. दुसऱ्या पाळ्यांमध्ये चालतो. फक्त एका मुलीच्या हातून चालत नाही. ती लेबलच्या टेबलावर नवीन होती. कॉन्ट्रॅक्टवरची. तीसुद्धा रोज अडते असं नाही. लाइन लीडर रजेवर होते त्या आठवड्यात तिच्याकडून एकदाही बंद पडलं नाही. ते परत आले की पुन्हा सुरू. म्हणजे वयस्कर माणूस मागे उभा राहिला की ती घाबरते आणि काहीबाही टाइप करते, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता.

मी म्हटलं, मग मला कशाला बोलावलंत?

ते म्हणाले, “वरून विचारतात ना, सॉफ्टवेअरवाल्यांना दाखवलं का म्हणून. तुम्ही एकदा बघून ‘प्रोग्राम बरोबर आहे’ एवढं सांगा. आज पाळी सुटायच्या आत मला ठरवायचंय. प्रोग्रामला हात लावण्यापेक्षा मुलगी बदललेली सोपी, मॅडम.”

हे ऐकून माझा चहा कडू झाला. पण त्यांचा राग आला नाही, कारण त्यांच्या बाजूने ते बरोबरच बोलत होते. लेबलं अडली की ट्रक अडतो, ट्रक अडला की समोरच्या कारखान्यातून फोनवर फोन येतात. पण मी आयुष्यभर प्रोग्राम वाचलेत आणि मला एक ठाऊक आहे. अमक्याच्या हातून चालतो आणि तमक्याच्या हातून नाही, असा प्रोग्राम जगात नसतो. हात कुणाचा आहे हे त्याला दिसतच नाही. त्याला फक्त समोर आलेले शब्द दिसतात. हे मी त्यांना बोलून दाखवलं आणि शेडमध्ये गेले, तेही मागून आले.

मुलगी बीडकडची होती. आयटीआयला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, भावाच्या खोलीवर राहणारी, निळ्या कोटाच्या बाह्या दुमडलेली. आधी ती पॅकिंगला होती, दिवसभर उभं राहून बिन भरायची. लेबलचं टेबल म्हणजे तिला मिळालेली पहिली खुर्ची होती आणि पहिला कळफलक. तिने टेबल लख्ख पुसून ठेवलं होतं. प्रिंटरवर एक प्लास्टिकचं झाकण होतं, ते तिने स्वतः शिवून आणलं होतं. आपल्याबद्दल केबिनमध्ये काय बोलणं चाललंय हे तिला माहीत असावं, कारण मी जवळ गेले तशी ती उभीच राहिली आणि बस म्हटलं तरी बसेना.

तिच्या मागे खांबाला टेकून तिचे लाइन लीडर उभे होते. त्यांना सगळी शेड दादा म्हणायची. मॅनेजरही दादाच म्हणायचे. जवळच्याच गावचे, जुन्या घरातले. ही शेड उभी राहिली तेव्हापासून ते तिथे होते. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत लेबलं ते स्वतःच काढायचे. ऑपरेशननंतर काळ्या खिडकीतली बारीक अक्षरं डोळ्यांना झोंबायला लागली, म्हणून टाइप करायला मुलगी दिली होती. ते मागे उभे राहून नंबर सांगायचे, ती टाकायची.

मी मुलीला विचारलं, तू नेमकं काय टाइप करतेस? ती म्हणाली, आधी ‘लेबल’, मग दादांचं नाव, मग पार्टचा नंबर, मग नग. क्रम अगदी बरोबर होता. भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेतही तेच होतं. मी सूचना बघून दादांचं नाव टाकलं, नंबर टाकला, नग टाकले, एंटर मारलं. लेबलं सरसर बाहेर आली. मॅनेजर माझ्याकडे बघून नुसते हसले. मुलगी त्या लेबलांकडे अशी बघत होती की मलाच कसंनुसं झालं.

मी तिला पुन्हा विचारलं, नक्की हेच टाकतेस ना? माझा आवाज चढला होता. मी चिडले की आवाज चढतो, त्याला माझा इलाज नाही. ती मान खाली घालून म्हणाली, “मी नावच टाकायलेय मॅडम. दुसरं काय बी नाही टाकलं. माझ्या हातून खिडकीच मिटून जायलीय, त्याला मी काय करू?”

आता तिला खोटं पाडायचं तरी कारण नव्हतं आणि प्रोग्राम तर खोटं बोलत नाही. मग दोघांमध्ये, दारात, काहीतरी घडत होतं. मी खुर्ची ओढली आणि प्रोग्राम उघडून मेनपाशी गेले.

मेन साधी होती. रांगेतला पहिला शब्द लाइन लीडरचं नाव, दुसरा पार्ट नंबर, तिसरा नग. तिसऱ्याचा आकडा करायचा आणि तिघांना आत लेबलच्या क्लासकडे सोपवायचं. लिहिणाऱ्याने रांगेत किती जण आलेत हे मोजायचे कष्टही घेतले नव्हते. बरोबर माणसंच येणार असं धरून तो कॅनडाला निघून गेला होता. वर शहाणपणा असा की काम झालं की खिडकी बंद करायची आज्ञा शेवटी लावलेली. चूक झाली तरी तीच आज्ञा चालायची, त्यामुळे चुकीचा निरोप कुणाच्या वाचनातच यायचा नाही. त्या माणसाला मी मनात दोन शब्द सुनावले. मग खिडकी मिटवायची आज्ञा काढली आणि मेनच्या अगदी सुरुवातीला एक छोटी भर घातली. दारात जे जे येईल ते आधी एकाखाली एक पडद्यावर दाखव, पुढचं नंतर.

मुलीला म्हटलं, आता रोज टाकतेस तसं टाक. मी बघणार नाही. खरंच मी मान फिरवली आणि दादांशी त्यांच्या डोळ्याबद्दल बोलत बसले. कळा वाजल्या, एंटर वाजलं, प्रिंटर गप्प राहिला. मी वळून पडद्याकडे बघितलं.

तीन ओळी हव्या होत्या, चार होत्या. पहिल्या ओळीत दादांचं नाव. दुसऱ्या ओळीत, इंग्रजी अक्षरांत, एकटंच, ‘दादा’. तिसरीत पार्ट नंबर आणि चौथीत नग.

मला हसू आलं आणि मग ते अर्ध्यातच थांबलं. सगळं लख्ख दिसलं. तिने नाव लिहिलं होतं, मोकळी जागा सोडली होती आणि पुढे दादा लिहिलं होतं. मोकळी जागा आली म्हणून संगणकाने दादाला वेगळं माणूस धरलं. मग सगळी रांग एकाने मागे सरकली. पार्ट नंबरच्या जागी दादा आला, नगांच्या जागी पार्ट नंबर आला, आणि त्या नंबरात अक्षरं होती, त्यांचा आकडा कसा होणार? तिथे प्रोग्रामने जीव सोडला. दादा स्वतः टाइप करायचे तेव्हा हे कधीच झालं नाही, कारण स्वतःच्या नावापुढे दादा कोण लावतं? दुसऱ्या पाळ्यांचे लीडरही आपलं नाव आपणच टाकायचे. मॅनेजरांनी आणि मी भिंतीवरची सूचना बघून टाकलं. दादा रजेवर होते तेव्हा त्यांच्या जागी मुलीच्याच वयाचा लीडर होता, त्याचं तिने नुसतं नाव टाकलं. आणि तिला विचारलं तर ती खरंच सांगत होती, नावच टाकलंय म्हणून. तिच्या लेखी तेच नाव होतं.

मी तिला पडद्यावरची दुसरी ओळ दाखवली. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मग काय मोठ्या माणसाचं नुसतं नाव टाकू का?”

तिच्या विचारण्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखर पेच पडला होता. मॅनेजर मात्र मोकळे झाले. मोठा श्वास सोडून म्हणाले, एवढंच ना, सुटला प्रश्न, आजपासून नुसती नावं टाकायची. सूचनेखाली चिकटवायला लाल पेनाने तसा कागद लिहायलाही निघाले. दादांनी खांब सोडला, पुढे आले आणि मुलीला म्हणाले, “टाक की गं पोरी. माझं नाव काय झिजतंय व्हय त्यानं?”

तिने टाकलं. बोटं अडखळत होती, पण टाकलं. लेबलांची पट्टी बाहेर आली. सगळं सुरळीत झालं होतं. आणि तिने खुर्चीवरून वळून, चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो तसा, दादांकडे हात नेऊन तो स्वतःच्या कपाळाला लावला.

दादांनी लेबल हातात घेतलं. ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून वाचलं. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, “सोताच्या हातानं टाकत हुतो तवर काय वाटत न्हवतं बघा.”

एवढंच बोलले आणि लेबल बिनवर चिकटवायला गेले. मी तिथे बसल्या बसल्या त्यांच्या पाठीकडे बघत होते. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. गेटवर टोकन नंबर सांगून आत जायचे आणि आत गेल्यावर त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. घरी कधी कारखान्यातलं कुणी आलं आणि दारातून अण्णा अशी हाक ऐकू आली की आम्ही पोरं ताठ व्हायचो. त्या हाकेत त्यांनी तिथे काढलेली सगळी वर्षं होती. ती हाक कुणी त्यांच्यापासून काढून घेतली असती तर मी त्याचं डोकं फोडलं असतं, हे मला तिथे, त्या शेडमध्ये, अगदी स्पष्ट कळलं.

मॅनेजर सूचना लिहीत असतानाच मुलगी त्यांच्याजवळ गेली. मला ऐकू आलं ते असं, की साहेब, मला पॅकिंगलाच ठेवा. तिथं उभं राहायला लागलं तरी चालेल. ते म्हणाले, का, आता तर जमलं ना? ती म्हणाली, “जमलं साहेब. पण रोज कसं टाकू? ते मागेच उभे असतात.”

मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत होतं, बघा, मी म्हटलं नव्हतं? मुलगी बदललेली सोपी. आता तर मुलगी स्वतःच बदलायला तयार होती. ती खुर्ची, तो कळफलक, शिवलेलं झाकण, सगळं सोडून ती परत उभं राहायला जाणार होती, आणि कुणीच तिच्यावर अन्याय केला असं म्हणता आलं नसतं. मला हे सहन झालं नाही. मी म्हटलं, कुणी कुठे जायचं नाही. मला थोडा वेळ द्या, प्रोग्राम बदलते.

मॅनेजर दचकले. लेबलचा नमुना समोरच्या कारखान्याने मंजूर केलाय, म्हणाले, त्याला हात लावला तर पुन्हा सगळी मंजुरी आली. मी म्हटलं, लेबलच्या क्लासला मी हातही लावणार नाही. छापणारा छापेल, मोजणारा मोजेल, आतलं घर जसंच्या तसं राहील. मी फक्त दार दुरुस्त करते. ऑब्जेक्टांची एवढी मांडामांड करून ठेवायची ती याचसाठी, की दाराची कडी बदलायला स्वयंपाकघर पाडावं लागू नये. ते म्हणाले, ट्रक यायची वेळ झालीय. मी म्हटलं, येऊ दे. मला खात्री होती. काम कळलं की मला खात्री असते, आणि आजवर ती फारशी चुकलेली नाही.

बदल छोटा होता. आधीच्या माणसाने रांग पुढून मोजली होती. पहिला नाव, दुसरा पार्ट, तिसरा नग. मी ती मागून मोजली. शेवटचा येईल तो नग, त्याच्या आधीचा पार्ट नंबर, आणि त्यांच्या पुढे जितके शब्द उभे असतील ते सगळे मिळून एक नाव. नाव एका शब्दाचं असो, नाही तर लग्नपत्रिकेत छापतात तसं लांबलचक असो. पार्ट नंबर आणि नग यांच्या मागे कुणी मानाचं काही लावत नाही, त्यामुळे ती बाजू पक्की होती. शब्द कमी पडले तर मराठीत स्पष्ट सांग आणि खिडकी उघडी ठेव, एवढी भर घातली. मग लेबलवरची नावाची चौकट किती मोठी आहे ते तपासलं. दादा आरामात मावत होते.

मॅनेजर माझ्या खांद्यामागे उभे राहून बघत होते. अखेर म्हणाले, पण म्हणजे लेबलवर दादा छापून जाणार? त्या कारखान्यात? मी म्हटलं, जाऊ दे की. तिथेही कुणीतरी कुणाला दादा म्हणतच असेल. मग त्यांनी मुलीला बाजूला केलं, स्वतः कळफलकावर वाकले आणि दादांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पुढे दादा, त्याच्याही पुढे साहेब असं काय काय टाकून माझी परीक्षा घेतली. प्रिंटरने निमूटपणे सगळं छापलं. चौकट भरून वाहिली, पण पार्ट नंबर आणि नग आपापल्या जागी होते. दादा लांबून म्हणाले, “साहेब, एवढा मोठा आमी न्हाई हो.” सगळी शेड हसली. मॅनेजर हसले, आणि त्या हसण्यातच मला कळलं की ते आता मुलीचं नाव काढणार नाहीत.

मग मुलगी बसली. तिने दादांचं नाव टाकलं, मोकळी जागा सोडली, दादा टाकलं, नंबर, नग. तेव्हा मी तिच्या बोटांकडे बघितलं. अजिबात अडखळली नाहीत. ट्रक लागला होता, बिन भराभर जात होते. ती लाल पेनाची सूचना मी स्वतः भिंतीवरून काढली आणि पर्समध्ये टाकली. नंतर ऑफिसात कुणीतरी म्हणालं की तिला नुसतं नाव टाकायला शिकवलं असतं तर काम सकाळीच संपलं असतं. मी त्याला इतकं सुनावलं की तो आजही माझ्याशी जपून बोलतो.

यानंतर दोन-तीन वर्षांनी मी पुन्हा त्या शेडमध्ये गेले, प्रिंटर नवीन आला होता म्हणून. काळी खिडकी तीच होती. आपल्याकडे तात्पुरत्या म्हणून आणलेल्या गोष्टी नेहमी टिकतात. दादा निवृत्त झाले होते, आणि त्यांच्या जागी लाइन लीडर म्हणून तीच होती, बीडकडची. आता पर्मनंट. कोट निळाच, पण खिशाला पेन आणि गळ्यात शिट्टी. तिने मला बघून खुर्ची पुढे केली, चहा सांगितला, आणि नवा प्रिंटर दाखवायला एक लेबल काढलं. त्यासाठी स्वतःचं नाव टाकलं. नुसतं नाव. पुढे काही नाही.

मग तिला लाइनवर कुणीतरी बोलावलं आणि टेबलावर तिचा ऑपरेटर बसला. विदर्भातला गृहस्थ, कानाशी केस पिकलेले, तिच्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी मोठा. त्याने सावकाश, एकेक कळ शोधत, तिचं नाव टाकलं. मोकळी जागा सोडली. आणि थांबून माझ्याकडे वळला.

“ताई लिहिलं तर चालते ना मॅडम, याला?”

मी म्हटलं, “चालतं. त्याच्यासाठीच केलंय ते.”

त्याने ताई लिहिलं, नंबर आणि नग टाकले, आणि लेबलांची पट्टी बाहेर येऊ लागली.